जुन्या प्रियसमध्ये अँप्लिफायर बसवण्याआधी करायचा विजेचा हिशेब

२००४ ते २००९ या काळातील दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीत अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारे यंत्र) नसतो, आणि तिच्यात बाहेरची ऑडिओ यंत्रणा बसवताना विचाराची सुरुवात इथूनच करावी लागते. साध्या मोटारीत वीज अपुरी पडली तर जास्त क्षमतेचा अल्टरनेटर बसवता येतो. प्रियसमध्ये मात्र मुख्य बॅटरीची २०१.६ व्होल्टची वीज डीसी-डीसी कन्व्हर्टर सुमारे १४ व्होल्टवर उतरवतो आणि दिवे, पंखे, पॉवर स्टिअरिंग, ब्रेकचा पंप व सगळे संगणक त्यावर चालतात. या कन्व्हर्टरची कमाल क्षमता साधारण १०० अँपिअर असते. तो इन्व्हर्टरच्या (मुख्य बॅटरीची वीज मोटारीला पुरवणाऱ्या यंत्राच्या) पेटीतच असल्यामुळे त्याच्या जागी मोठा बसवण्याची सोय नाही.

डिकीच्या उजव्या कोपऱ्यातली १२ व्होल्टची बॅटरी इंजिन फिरवण्यासाठी नसून संगणक आणि रिले जागे करण्यासाठी असते, म्हणून ती जेमतेम ४५ अँपिअर-तासांची आहे. ती मोठी केली किंवा कपॅसिटर (थोडा वेळ वीज साठवणारा भाग) जोडला, तरी खर्च झालेली वीज अखेर त्याच कन्व्हर्टरला भरून काढावी लागते.

अँप्लिफायरच्या खोक्यावरचा ‘कमाल’ वॅटचा आकडा सोडून द्यावा आणि आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा, आकडा धरावा. डी वर्गाचा, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा, ३०० वॅट आरएमएसचा अँप्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर पूर्ण भाराला तो १३.८ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर घेतो. एबी वर्गाचा, म्हणजे जास्त वीज उष्णतेत घालवणारा, तेवढ्याच वॅटचा अँप्लिफायर ४० अँपिअरच्या घरात जातो. प्रत्यक्ष संगीतात सरासरी ओढ याहून बरीच कमी असते, पण जुन्या गाडीत हिशेब पूर्ण भाराचाच करावा. माझ्या मते इथे डी वर्गच घ्यावा आणि ३०० ते ४०० वॅटच्या पुढे जाऊ नये, कारण स्टिअरिंग आणि ब्रेक याच विजेवर अवलंबून आहेत.

खरेदीपूर्वी गाडीत किती वीज शिल्लक राहते ते मोजून पाहावे. गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) स्थितीत ठेवून हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर आणि ब्लोअर पूर्ण वेगाने चालू करावा, डीसी मोजणारा क्लँप मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारे उपकरण) बॅटरीच्या केबलवर लावावा आणि उभ्या गाडीतच दुसऱ्या व्यक्तीला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे. व्होल्टेज १३.५च्या वर टिकले आणि प्रवाह बॅटरीत जात राहिला तर ठीक. प्रवाह सतत बॅटरीतून बाहेर येत असेल, तर कन्व्हर्टर आत्ताच पुरा पडत नाही आणि नवा भार टाकू नये.

बॅटरी डिकीतच असल्याने केबल आखूड लागते, ही या गाडीतली मोठी सोय. केबल शुद्ध तांब्याची, १६ चौरस मिलिमीटरची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल टाळावी. फ्यूज धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, आणि अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्यावी. मुख्य बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलना हात लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी ऋण टोक सोडवावे, पण डिकीचे दार तेव्हा बंद करू नये. त्याची कडी विजेवर उघडते, आणि दार लागले तर आत शिरून हाताने उघडण्याची कळ शोधावी लागते. बॅटरी गाडीच्या आत असल्याने तिची वायू बाहेर सोडणारी नळी निघाली असल्यास ती आठवणीने परत बसवावी.

कन्व्हर्टर फक्त ‘रेडी’मध्ये वीज देतो, नुसत्या ‘एसीसी’वर (गाडी सुरू न करता ऑडिओसारखी उपकरणे चालवणाऱ्या स्थितीत) गाणी ऐकली तर सगळा भार छोट्या बॅटरीवर येतो आणि ती उतरल्यावर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून नुसत्या ‘एसीसी’वर गाणी ऐकू नयेत, आणि गाडी बंद केल्यावर अँप्लिफायरही बंद व्हावा यासाठी त्याला चालू-बंद करणारी रिमोट तार कायम चालू असलेल्या तारेला न जोडता ‘एसीसी’ला जोडावी. गाडी बंद करून, दारे लावून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग बॅटरीतून जाणारा प्रवाह मोजावा. नव्या जोडणीमुळे केवळ ५० मिलिअँपिअरची भर पडली, तरी दोन आठवड्यांत जवळपास १७ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक साठा संपतो. तेवढी भर दिसल्यास अँप्लिफायरचा फ्यूज काढून पुन्हा मोजावे आणि ओढ त्याचीच आहे का ते पाहावे.