'सॅव्हेज' वापरताय? मग या चुका टाळा

कमेंटमध्ये कोणी कोणाची मस्त जिरवली की खाली लगेच धडाधड 'सॅव्हेज' पडायला लागतं, आणि तिथे ते बरोबरच आहे, कारण आजच्या ऑनलाइन बोलीत सॅव्हेज म्हणजे भीडभाड न ठेवता सणसणीत उत्तर देणारा. गडबड होते ती हाच अर्थ डोक्यात ठेवून ईमेल किंवा निबंध लिहायला बसलं की. बॉसला कौतुकाने 'युवर स्पीच वॉज सॅव्हेज' लिहून पाठवलं तर तो विचार करत बसेल की मी कोणाला एवढं झोडपलं, कारण नेहमीच्या इंग्रजीत या शब्दात हिंसा आहे, निर्दयपणा आहे, कौतुक नाही.

सगळ्यात जास्त घोळ क्रियापदाचा. 'आय सॅव्हेज्ड हिम' असं लोक बिनधास्त टाकतात, म्हणायचं असतं की मी त्याला गप्प केलं, पण वाचणाऱ्याला वाटतं चावलात की काय! कुत्र्याने एखाद्याला फाडलं, लचके तोडले, तर 'ही वॉज सॅव्हेज्ड बाय अ डॉग'. किंवा समीक्षकांनी सिनेमाच्या चिंधड्या उडवल्या तर 'क्रिटिक्स सॅव्हेज्ड द फिल्म', इथे रक्त नाही पण मार तेवढाच. आणि मध्ये ऑन, टू असलं काही घुसवू नका, क्रियापदानंतर थेट ज्याला फाडलं तो.

दुसरी चूक म्हणजे जंगली दिसलं की सॅव्हेज. खरं तर मूळ जंगलाचंच आहे, लॅटिन 'सिल्वा' म्हणजे अरण्य (पेनसिल्व्हेनियातलं सिल्व्हेनिया तेच), तिथून जुन्या फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला, अगदी आपल्या रानावरून रानटी झालं तसाच. पण आज रानफुलाला वाइल्ड फ्लॉवरच म्हणतात, सॅव्हेज फ्लॉवर कोणी म्हणत नाही. झाडाखाली झोपलेला वाघ वाइल्ड आहे, अंगावर धावून आला की सॅव्हेज, आणि गंमत म्हणजे घरात पाळलेला कुत्राही सॅव्हेज असू शकतो, तो मात्र वाइल्ड नसतो.

क्रुएलचंही तसंच. एखाद्याला वर्षानुवर्षं थंड डोक्याने छळणारा माणूस क्रुएल, त्याला सॅव्हेज म्हणून चालत नाही, सॅव्हेजमध्ये तुटून पडणं लागतं. मराठीत करतानाही शेजारचा शब्द बघा हो, डिक्शनरीत पहिला दिसला 'असभ्य' म्हणून 'सॅव्हेज अटॅक'चा 'असभ्य हल्ला' करू नका, तो निर्घृण हल्ला. 'सॅव्हेज कट्स' म्हणजे खर्चात केलेली जबरदस्त कपात, तिथे रानटी लिहिलं तर हसतील लोक.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. माणसाला, त्यातही आदिवासी समाजाला, 'सॅव्हेज' किंवा 'सॅव्हेजेस' म्हणू नका. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तिथल्या मूळ रहिवाशांना 'मर्सिलेस इंडियन सॅव्हेजेस' म्हटलंय, आणि वसाहतींच्या काळात हा शब्द म्हणजे यांना माणसात धरायचंच नाही याची सोय होती. जुन्या पुस्तकातून उतारा घेत असाल तर अवतरणचिन्हात ठेवा, आपल्या वाक्यात 'इंडिजिनस पीपल' लिहा.

बाकी किरकोळ. लिहिताना आपण सॅव्हेज लिहितो पण उच्चार 'सॅव्हिज'च्या जवळ जातो, जोर पहिल्या अक्षरावर, शेवट व्हिलेज, डॅमेजच्या इंग्रजी उच्चारासारखा. मध्ये एक 'एल' घातलात की होतं सॅल्व्हेज, म्हणजे बुडालेल्या जहाजातून माल वाचवणं, आणि स्पेलचेक ते पकडत नाही कारण तोही खराच शब्द आहे. (शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या छापील आवृत्तीत 'द टेम्पेस्ट' नाटकातल्या कॅलिबन या पात्राला लावलेलं सॅव्हेज हे विशेषण 'एल' घालूनच छापलंय, पण ती सवलत आपल्याला नाही.) नाम हवं असेल तर सॅव्हेजरी, क्रियाविशेषण सॅव्हेजली. परीक्षेत विरुद्धार्थी विचारला तर आधी वाक्य वाचा, प्राण्याबद्दल असेल तर टेम, टीकेबद्दल असेल तर माइल्ड, आणि जुन्या पद्धतीने माणसांबद्दल असेल तर बहुतेक सिव्हिलाइज्ड हाच पर्याय दिलेला असतो.