बँडमध्ये वाजवणाऱ्या बेस गिटारसाठी कॅबिनेट कसे निवडावे

बेस गिटारसाठी कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेली पेटी, घ्यायला निघालेला वादक बहुधा सर्वांत आधी वॅट विचारतो. माझ्या मते त्याने आधी स्वतःलाच एक प्रश्न विचारायला हवा: कार्यक्रमात माझा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम नेमके कोण करणार आहे? मोठ्या कार्यक्रमात बेसचा सिग्नल डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणाऱ्या डबीतून) थेट मिक्सरकडे जातो आणि पीएचे, म्हणजे श्रोत्यांसाठीच्या मुख्य ध्वनियंत्रणेचे, सबवूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) तो सगळीकडे पोहोचवतात. तिथे रंगमंचावरच्या कॅबिनेटचे काम एवढेच उरते की, वादकाला आणि विशेषतः ड्रमरला सूर नीट ऐकू यावा. याउलट लहान जागी पीएमधून केवळ गायकाचा आवाज आणि कधीकधी कीबोर्ड जातो, बेस मात्र कॅबिनेटमधूनच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. पहिल्या कामाला बारा इंची एका स्पीकरचे चांगले कॅबिनेट पुरते. दुसऱ्या कामात ड्रमर जोरात वाजवणारा असेल, तर दोन बारा इंची किंवा चार दहा इंची स्पीकरांपेक्षा कमी घेऊ नये, असे मी सांगेन. आपले मागचे दहा-बारा कार्यक्रम आठवून त्यांपैकी किती ठिकाणी बेस पीएमध्ये होता, हे कागदावर लिहून काढले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

वॅट आणि डेसिबल

कॅबिनेटवर छापलेला वॅटचा आकडा ते किती शक्ती सहन करील एवढेच सांगतो. आवाज किती मोठा होईल, हे मुख्यतः त्याच्या संवेदनशीलतेवर ठरते, म्हणजे १ वॅट शक्ती दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो यावर. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या कॅबिनेटला ४०० वॅट दिल्यावर जेवढा आवाज मिळतो, तेवढा १०० डेसिबलचे कॅबिनेट २०० वॅटमध्येच देते. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि तेवढ्या वाढीसाठी शक्ती दहापट करावी लागते. ३०० वॅटचा अ‍ॅम्प (सिग्नलची शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर) देऊन ५०० वॅटचा आणणाऱ्या वादकाची निराशा होते ती यामुळेच, कारण त्या सगळ्या खटाटोपातून त्याच्या हाती जेमतेम २ डेसिबल लागतात. आधी कॅबिनेट नीट निवडावे आणि मग अ‍ॅम्पकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणाने.

सहनशक्तीच्या त्या आकड्यातही एक मेख आहे. तो आकडा बहुतेक वेळा उष्णतेची मर्यादा सांगतो, म्हणजे किती शक्तीपर्यंत स्पीकरची व्हॉइस कॉइल (आतले तारेचे वेटोळे) जळणार नाही ते. पण बेसच्या कामात स्पीकर पुष्कळदा त्याआधीच हात टेकतो, कारण त्याच्या शंकूला, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पडद्याला, पुढे-मागे किती हलता येते यालाही मर्यादा असते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर शंकूला चौपट हलावे लागते. चार तारांच्या बेसवरची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि पाच तारांच्या बेसवरची बी तार सुमारे ३१ हर्ट्झवर; तिथे लहान कॅबिनेटची परीक्षा होते.

मी स्वतः हे एका मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात शिकलो. पाच तारांचा बेस आणि एकच लहान कॅबिनेट घेऊन मी गेलो होतो. आवाज कमी पडतो असे वाटले म्हणून अ‍ॅम्पवरचा बेसचा नॉब जवळजवळ शेवटपर्यंत फिरवला आणि दुसऱ्याच गाण्यात खालच्या तारेवर सुरामागे ओल्या कागदाच्या फडफडीसारखा आवाज येऊ लागला. तो आवाज म्हणजे शंकू आपल्या मर्यादेवर आपटत असल्याची सूचना होती, आणि मी ती ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी जाळी काढून दोन्ही हातांची बोटे शंकूवर समान ठेवून तो हलकेच आत दाबला, तेव्हा आतून वाळू घासल्यासारखी खरखर ऐकू आली. व्हॉइस कॉइल घासत होती. अ‍ॅम्प त्या कॅबिनेटच्या छापील मर्यादेपेक्षा कमी वॅटचा होता. अशा प्रसंगी बेसचा नॉब कमी करून मध्य सूर थोडे वाढवावेत, आणि अ‍ॅम्पवर वा पेडलवर हाय-पास फिल्टर असेल, तर तो ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास लावून त्याखालची निरुपयोगी हालचाल कापून टाकावी.

पेटी आणि स्पीकरांचा आकार

स्पीकरपेटीच्या रचनेत हॉफमनचा नियम म्हणून ओळखले जाणारे एक तत्त्व आहे: लहान पेटी, खोलवरचा खर्ज आणि जास्त कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोन मिळवायच्या तर तिसरी सोडावी लागते. म्हणून एखादे लहानसे कॅबिनेट अतिशय खोल खर्जाचा दावा करत असेल, तर ते त्यासाठी संवेदनशीलता गमावून बसले आहे का, हे पाहावे. माहितीपत्रकात ‘३५ हर्ट्झपर्यंत’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा आवाज ३ डेसिबलने उतरल्यावरचा आहे की १० डेसिबलने, हेही पाहावे, कारण या दोहोंत फार अंतर पडते.

सुदैवाने बेसच्या सुराचा पाया मोठ्या ताकदीने ऐकू आलाच पाहिजे असे नाही. ई तारेच्या ४१ हर्ट्झच्या मूळ सुराबरोबर ८२, १२३ आणि त्यापुढचे उपसूरही निघत असतात, आणि त्यांवरून आपला कान मूळ सुराची जागा ओळखतो. बँडच्या गोंगाटात सूर स्पष्ट कळतो तो मुख्यतः खर्जाच्या वरच्या आणि मध्य भागातून. खोलीत एकट्याने वाजवताना भरदार वाटणारे कॅबिनेट बँडमध्ये गेल्यावर नुसते घुमते, आणि एकट्याने ऐकताना काहीसे कोरडे वाटलेले कॅबिनेट ड्रमसोबत नेमके जागेवर बसते, हा अनुभव त्यामुळेच पुन्हापुन्हा येतो.

पेटी बंद असते किंवा तिला हवा आत-बाहेर जाण्यासाठी पोर्ट असतो. पोर्टच्या पेटीला खर्जाच्या एका ठराविक पट्ट्यात पोर्टची मदत मिळते आणि तेवढ्याच आकारात आवाज अधिक भरीव येतो. पण ज्या सुराला पोर्ट जुळवलेला असतो, त्याच्या खाली शंकूमागचा हवेचा आधार सुटतो आणि तो बेलगाम हलू लागतो. बंद पेटीचा खर्ज जरा आधीपासून, पण हळूहळू उतरतो आणि हवेची गादी शंकूला आवरून धरते. १९६९ साली अँपेग या कंपनीने ३०० वॅटचा एसव्हीटी अ‍ॅम्प आणला, तेव्हा त्याच्या जोडीला आठ दहा इंची स्पीकरांची बंद पेटी होती, आणि रॉकमधला बेसचा जो ठोसेबाज आवाज आपल्या कानांत बसला आहे, त्यात या पेटीचा वाटा फार मोठा आहे. तिच्या आजच्या आवृत्तीचे वजन मात्र साठ किलोंच्या वर आहे. आज बहुतेक कॅबिनेटे पोर्टची असतात, आणि चांगली जुळवलेली असतील तर मी तीच घ्यायला सांगतो. पोर्टच्या तोंडाशी हात धरून मोठ्या आवाजात ई तार वाजवावी, हवेचा फुस्स असा आवाज सुरात मिसळत असेल तर पोर्ट अपुरा आहे असे समजावे.

‘पंधरा इंची म्हणजे खोल, दहा इंची म्हणजे टणक’ हा समज मात्र सोडून द्यावा. खर्ज किती खोल जाईल, हे स्पीकरची घडण आणि पेटी मिळून ठरवतात. उपयोगी गणित आहे ते शंकूंच्या एकूण क्षेत्रफळाचे: दहा इंची स्पीकरचे उपयुक्त क्षेत्रफळ सुमारे ३५० चौरस सेंटिमीटर, बारा इंचीचे सुमारे ५३० आणि पंधरा इंचीचे सुमारे ८६० असते. म्हणजे चार दहा इंची मिळून साधारण १४००, दोन बारा इंची मिळून १०६०, आणि एकटा पंधरा इंची या दोहोंच्या मागे राहतो. शंकूची हालचाल सारखी असेल, तर जास्त क्षेत्रफळ जास्त हवा ढकलते.

स्पीकर शेजारी-शेजारी आहेत की एकावर एक, याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण रंगमंचावर याचा मोठा फरक पडतो. शेजारी-शेजारी ठेवलेल्या स्पीकरांचे वरचे मध्य सूर आडव्या दिशेने अरुंद पट्ट्यात जातात, त्यामुळे समोरच्याला आवाज टोचतो आणि बाजूच्या गिटारवादकाला तो अंधुक ऐकू येतो. उभी मांडणी सूर दोन्ही बाजूंना पसरवते आणि वरचा स्पीकर वादकाच्या कानाच्या जवळ येतो. जमिनीवर ठेवलेले एकटे लहान कॅबिनेट वादकाच्या गुडघ्यांना बेस ऐकवते, कानांना नाही. मग तो आवाज वाढवतो आणि पुढच्या रांगेला त्रास होतो. असे कॅबिनेट मागे तिरके कलते करावे किंवा मजबूत स्टँडवर ठेवावे. जमिनीपासून उचलल्यावर खर्ज थोडा कमी होतो, पण पोकळ रंगमंच घुमत असेल तर तो कमी झालेलाच बरा.

ओहमचा हिशेब

ओहम हे कॅबिनेटच्या विद्युत-अडथळ्याचे माप; ते जितके कमी, तितका अॅम्पवरचा भार जास्त. इथे चूक झाली तर आवाज बिघडण्यावर भागत नाही, अ‍ॅम्प जातो. दोन कॅबिनेटे नेहमीच्या पद्धतीने एका अ‍ॅम्पला जोडली की ती समांतर जोडली जातात: ८ ओहमची दोन मिळून ४ ओहम होतात, ४ ओहमची दोन मिळून २, आणि ८ व ४ मिळून सुमारे २.७. अ‍ॅम्पच्या मागे किमान ४ ओहम असे लिहिलेले असेल, तर शेवटच्या दोन जोडण्या त्याला करू नयेत. तो तापून बंद पडेल किंवा जळेल. ८ आणि ४ ओहमची कॅबिनेटे एकत्र जोडली, तर ४ ओहमचे कॅबिनेट दुसऱ्याच्या दुप्पट शक्ती ओढते, हेही लक्षात ठेवावे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये कॅबिनेटच्या ओहमशी जुळणारेच आउटपुट निवडावे लागते आणि कॅबिनेट न जोडता तो अ‍ॅम्प कधीही वाजवू नये.

या हिशेबातून माझी शिफारस निघते. पहिले कॅबिनेट ८ ओहमचे, बारा इंची एका स्पीकरचे घ्यावे आणि गरज पडेल तेव्हा अगदी तेच मॉडेल दुसरे घेऊन त्यावर उभे रचावे. दुसरे कॅबिनेट जोडल्यावर क्षेत्रफळ दुप्पट होते, शिवाय ४ ओहमवर ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प जास्त शक्ती देऊ लागतो, आणि दोन्ही मिळून खर्जात ६ डेसिबलच्या जवळपास वाढ होते. अ‍ॅम्प बदलून मिळणाऱ्या त्या २ डेसिबलांशी याची तुलना करून पाहावी. वेगवेगळ्या बनावटीची कॅबिनेटे जोडली, तर काही सुरांवर ती एकमेकांना खोडतात आणि एखादी जागा अचानक पोकळ वाटते. म्हणून मॉडेल तेच असावे. लहान कार्यक्रमाला एक न्यावे, मोठ्याला दोन न्यावीत. निओडिमियम चुंबकाच्या स्पीकरांमुळे असे एक कॅबिनेट आज पंधरा किलोंच्या आसपास मिळते आणि जिना चढताना एका हातात नेता येते.

जोडणीसाठी स्पीकर केबलच वापरावी. गिटारची केबल बाहेरून तशीच दिसली, तरी तिच्यातली तार बारीक असते आणि मोठ्या शक्तीला ती तापते. फिरवून अडकणारा स्पीकॉन कनेक्टर दोन्ही बाजूंना असेल तर उत्तम, कारण नाचताना कोणाचा पाय अडकला तरी तो निसटत नाही. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असल्यास त्याचा आवाज कमी करण्याचा नॉब असावा. डिस्टॉर्शन पेडल वापरणाऱ्याला तो बंदच ठेवावा लागेल.

ऐकून पाहताना

आपलाच बेस आणि शक्य असल्यास आपलाच अ‍ॅम्प न्यावा, टोनचे सर्व नॉब मध्यावर ठेवावेत आणि बँडमध्ये वाजवतो तेवढ्या आवाजात वाजवावे, कारण हळू आवाजात सगळीच कॅबिनेटे सज्जन वाटतात. ई तारेवर एकेक घर वर चढत सारख्या जोराने वाजवावे. एखादा सूर अचानक उसळत किंवा बुडत असेल, तर दोन पावले सरकून पुन्हा ऐकावे, म्हणजे दोष खोलीचा की पेटीचा ते कळते. जुने कॅबिनेट असेल, तर शंकू दाबून खरखर ऐकावी, पेटीला मुठीने ठोकून सैल जाळी वा हँडल शोधावे, आणि मल्टीमीटर लावून पाहावा: ८ ओहमच्या कॅबिनेटवर तो साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो. १२ किंवा त्याच्या आसपास दाखवत असेल, तर आतला एखादा स्पीकर तुटलेला असण्याचा संभव आहे.

शक्य असेल तर कॅबिनेट एका सरावापुरते मागून आणावे. लांब केबल लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहावे आणि ड्रमरला नेहमीच्या जोराने वाजवायला सांगावे. किक ड्रमच्या ठोक्याबरोबर बेसचा नुसता धक्का न येता कोणता सूर वाजतो आहे हे तिथे ओळखता येत असेल, तर ते कॅबिनेट घ्यावे.