सागरतळाचे प्रसरण अभ्यासताना या चुका टाळा

भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा सरकणारा प्रचंड तुकडा, ही व्याख्या बहुतेक विद्यार्थी बिनचूक लिहितात. गफलत होते ती समोर नकाशा आला की. किनारा हीच भूपट्टाची कड, असे मनात धरून पुढचे सारे उत्तर रचले जाते. वास्तविक भारतीय भूपट्ट कोकणपट्टीशी संपत नाही, तर अरबी समुद्राखालून नैऋत्येला कार्ल्सबर्ग या समुद्राखालील पर्वतरांगेपर्यंत पसरतो आणि तिच्या पलीकडे सोमाली भूपट्ट सुरू होतो. सह्याद्री आणि त्याच्या पश्चिमेचा सागरतळ एकाच भूपट्टावर आहेत, हे ध्यानात ठेवूनच सीमारेषा काढावी.

समुद्र मधोमध सर्वांत खोल असतो, हा समज तर फारच चिवट आहे. अशा पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंचे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, हेच सागरतळाचे प्रसरण; तिच्या माथ्यावर शिलारसापासून बनलेला नवा बेसॉल्ट खडक तप्त व हलका असल्यामुळे तळ उंच, म्हणजे पाण्याखाली सुमारे २,५०० मीटरवर असतो आणि दूर सरकताना तो थंड, जड होत खचतो. तळाचे वय दशलक्ष वर्षांत घेऊन त्याच्या वर्गमुळाला ३५० ने गुणावे व त्यात २,५०० मिळवावेत, म्हणजे मीटरमध्ये अंदाजे खोली मिळते; २५ दशलक्ष वर्षांच्या तळासाठी ती ४,२५० येते. मात्र हे सूत्र उत्तर अरबी समुद्राला जसेच्या तसे लावल्यास उत्तर हमखास चुकते, कारण सिंधू नदीने आणलेल्या काही किलोमीटर जाडीच्या गाळाखाली मूळ तळ गाडला गेला आहे. तेथे आधी गाळाचा हिशेब करावा लागतो.

प्रसरणाचा वेग काढताना एका बाजूचा वेग हाच एकूण वेग धरला जातो. समजा, ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीच्या चुंबकीय उलटापालटीची (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या अदलाबदलीची) खूण पर्वतरांगेच्या अक्षापासून ७.८ किलोमीटरवर सापडली. वेग वर्षाला १ सेंटिमीटर येतो, पण तो एकाच बाजूचा. दोन्ही बाजू सारख्याच वेगाने सरकत असतील, तर एकूण प्रसरण २ सेंटिमीटर होते. अशा उलटापालटींमुळे सागरतळावर उमटणारे चुंबकीय पट्टे वेगवेगळ्या खडकांचे नसतात; खडक बेसॉल्टच, बदलते ती त्यात गोठलेली चुंबकत्वाची दिशा. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हा उलगडा केला, तोही कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरील मोजणीच्या आधारे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी होती.

भूपट्ट वितळलेल्या लाव्हावर तरंगतात, हे वाक्य उत्तरातून काढूनच टाकावे. द्रवातून जाऊ न शकणाऱ्या भूकंपाच्या एस लहरी प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालील जाड थरातून, जातात, म्हणजे प्रावरण मुख्यतः घन आहे, फक्त अतिशय संथपणे वाहते. तसेच पर्वतरांगेतून वर येणारा शिलारसच भूपट्टांना ढकलतो, असे लिहिणेही अपुरे आहे. गर्तेत, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथील खोल सागरी दरीत, बुडणाऱ्या थंड, जड कडेचे वजन मागचा भूपट्ट ओढते, आणि ही ओढ अधिक प्रबळ मानली जाते. म्हणूनच गर्तांनी वेढलेला पॅसिफिकचा तळ वेगाने सरकतो, तर जेथे गर्ता मोजक्याच आहेत तो अटलांटिकचा तळ रेंगाळतो.