गुणायचं की भागायचं? वेगाची गणितं सोडवताना या चुका टाळा

"बाई, पाच छेद अठराने गुणायचं की भागायचं?"

नववीत गतीचा धडा सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात, किमी/तासचं मी/सेकंद करताना हा प्रश्न येतो. दरवेळी मी फळ्यावर उत्तर लिहीत नाही, विचारणाऱ्यालाच '७२ किमी/तास' मोठ्याने वाचायला सांगते. मुलं वाचतात, "बहात्तर किमी प्रति तास." मग म्हणते, घरी बोलतोस तसं वाच. तेव्हा येतं, "ताशी बहात्तर किलोमीटर."

गणित इथेच निम्मं सुटतं. ताशी म्हणजे एका तासात. एका तासात ७२ किलोमीटर, म्हणजे ७२,००० मीटर. तासाचे सेकंद ३६००. मग सेकंदाला किती? ७२,००० भागिले ३६००, म्हणजे २० मीटर. ५/१८ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १०००/३६०० ला सोपं रूप दिलं की तोच उरतो. हे एकदा हाताने केलेल्या मुलाला गुणाकार-भागाकार पाठ करावा लागत नाही.

तरी परीक्षेत गोंधळ उडालाच, तर उत्तराकडे नीट बघा. किमी/तासचं मी/सेकंद केलं की आकडा लहान होतो, कारण किलोमीटर मीटरच्या १००० पट आहे, पण तास सेकंदाच्या ३६०० पट आहे. उलटं केलं, तर ७२ चे २५९ होतात. सेकंदाला २५९ मीटर म्हणजे ताशी ९३० किलोमीटरच्या वर. एसटीला जेट विमानाचा वेग आला! उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. त्याची सरासरी चाल सेकंदाला साधारण साडेदहा मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३७.६ किलोमीटर होते. एवढं एक माप डोक्यात असलं, तर सायकलस्वार सेकंदाला ४० मीटर जातो असं उत्तर आल्यावर पेन आपोआप थांबतं.

आता सगळ्यात जास्त गुण खाणारी चूक. परवा एका वहीत हे दिसलं: 'अंतर = ६० × १५ = ९००'. त्याच्या शेजारी, जरा बारीक अक्षरात, वेगळ्या पेनने नंतर लिहिलेलं 'किमी'. प्रश्न होता, ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १५ मिनिटांत किती जाईल? ९०० किमी म्हणजे पुण्याहून निघालेली गाडी पाव तासात नागपूरच्याही पुढे. त्या मुलीला सूत्र येत होतं, गुणाकारही बरोबर होता. एकक मात्र शेवटी चिकटवलं होतं. तिने पहिल्याच ओळीत '६० किमी/तास × १५ मिनिट' असं लिहिलं असतं, तर तास आणि मिनिट एकमेकांना कापत नाहीत हे तिलाच दिसलं असतं. १५ मिनिटं म्हणजे १/४ तास. ६० किमी/तास × १/४ तास, इथे तास कटतो आणि १५ किमी उरतात. म्हणून प्रत्येक पायरीला, प्रत्येक आकड्यासोबत एकक लिहा. वेळ जातो ही तक्रार मी ऐकते, पण पटत नाही. अख्खं गणित पुन्हा सोडवायला त्याहून जास्त वेळ जातो.

वेळेच्या बाबतीत आणखी एक फसवी चूक आहे. डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला पुणे सोडते आणि १०:२५ ला मुंबईला पोचते असं धरा. अंतर १९२ किमी, वेळ ३ तास १० मिनिटं. बरीच मुलं कॅल्क्युलेटरवर १९२ भागिले ३.१० करतात आणि ६१.९ किमी/तास लिहितात. पण १० मिनिटं म्हणजे ०.१० तास नाही, १/६ तास. ३ तास १० मिनिटं म्हणजे १९/६ तास, आणि सरासरी चाल ६०.६ किमी/तास. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी दिसतात, त्यामुळे ही चूक सापडतच नाही. १ तास ४५ मिनिटांचं १.४५ केलं की मात्र ती उघडी पडते. ताशी ६० च्या चालीने १०५ किमीऐवजी ८७ किमी येतात.

आपल्या बोलण्यात यावर हुकमी इलाज आहे. सव्वा तास म्हटलं की १.२५, दीड म्हटलं की १.५, पाऊण म्हटलं की ०.७५. सव्वा तासाला १.१५ लिहिणारं मूल सव्वा रुपयाला कधी १ रुपया १५ पैसे म्हणणार नाही. वेळ आधी अशी बोलून घ्या. जिथे असा शब्द नाही, तिथे सरळ मिनिटांना ६० ने भागा आणि अपूर्णांक तसाच ठेवा. ०.१६ असं अर्धवट तोडून पुढे नेऊ नका.

सरासरीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण इथे हुशार मुलंही पडतात. १२० किमीवरच्या गावाला जाताना चाल ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी? पटकन ५० येतं. पण जायला ३ तास लागले, यायला २. एकूण २४० किमी, एकूण ५ तास, म्हणून ४८ किमी/तास. हळू चालीत वेळ जास्त गेला, म्हणून सरासरी तिकडे झुकली. चालींची बेरीज करून दोनने भागायचं ते फक्त दोन्ही चालींना सारखाच वेळ दिला असेल तेव्हा.

याच प्रवासाचा सरासरी वेग मात्र शून्य. निघालो तिथेच परत आलो, म्हणून विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य. बातम्यांत वारेही 'वेगाने' वाहतात आणि गाडीही 'वेगाने' जाते, त्यामुळे चाल आणि वेग यांची सरमिसळ होते. भौतिकशास्त्रात वेगाला दिशा लागते, चालीला नाही. प्रश्नात 'उत्तरेकडे' किंवा 'परत आला' असे शब्द दिसले की त्यांच्याखाली रेघ मारा.

रेल्वे आणि फलाटाच्या गणितात एककं बरोबर असूनही उत्तर चुकतं. १८० मीटर लांबीची गाडी ५४ किमी/तास चालीने २७० मीटरचा फलाट ओलांडते. मुलं २७० ला १५ ने भागून १८ सेकंद लिहितात. पण इंजिन फलाटाच्या टोकाशी पोचलं तेव्हा शेवटचा डबा अजून फलाटावरच आहे! तो बाहेर पडेपर्यंत गाडीला स्वतःची लांबीही कापावी लागते. एकूण ४५० मीटर, सेकंदाला १५ मीटर, उत्तर ३० सेकंद. विजेचा खांब ओलांडायचा असेल तर फक्त १८० मीटर, म्हणजे १२ सेकंद.

त्वरणाला, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो त्याला, हेच सगळं लागू होतं. स्थिर गाडी १० सेकंदांत ७२ किमी/तास वेग घेते, तेव्हा ७२ ला थेट १० ने भागून '७.२ मी/सेकंद²' लिहू नका. आधी ७२ चे २० करा, मग भागा: २ मी/सेकंद². आणि याचंही वाचन मराठीतच करा: वेग दर सेकंदाला, सेकंदाला २ मीटरने वाढतोय. 'सेकंदाला' दोनदा आलं, म्हणून एककात सेकंदाचा वर्ग.