परीक्षक म्हणून पहिल्यांदाच बसताय?

जिल्ह्याच्या कथा आणि छायाचित्र स्पर्धेला 'परीक्षक व्हाल का' असा फोन येतो, आपण भिडेखातर हो म्हणतो आणि आठवड्याभरात गठ्ठा दारात. साताऱ्यात मी हे काम बरीच वर्षं करतेय. (मानधनाचं आधीच विचारून घ्या, नाहीतर शाल-नारळावर भागतं.)

नावं झाकून, नुसते क्रमांक घातलेल्या प्रवेशिकाच स्वीकारा. तरीही कथेखाली मु. पो. पासून मोबाइलपर्यंत सगळं लिहिणारे महाभाग असतात. तो मजकूर संयोजकांनाच झाकायला लावा.

कथांच्या पहिल्या वाचनाला हातात पेन नको. माझा जन्म शाळेत गेला. लाल पेन हातात आलं की मला ऱ्हस्व-दीर्घाशिवाय काही दिसत नाही. एकदा चारा छावणीवरची एक कथा आली होती, अख्खी माणदेशी बोलीत. दुपारी मी तिला पन्नासात सतरा दिले. रात्री भांडी आवरल्यावर तीच मोठ्याने वाचली. 'टँकर दिसला की म्हस आधी उठायची, मग आमी' या वाक्याशी थांबले. कथेतली ही बाई प्रमाण मराठीत बोलली असती तर खोटी वाटली असती. सतराचे एक्केचाळीस झाले. तेव्हापासून कमी गुण दिलेल्या कथा मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचते, तेही मोठ्याने.

चोरीची शंका आली तर मधलंच एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा. पहिलं वाक्य बहुतेकांनी बदललेलं असतं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून गुण देऊ नका. तिथे तो दाबला जातो, बारकावे जातात आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही माहितीही पुसली जाते. सगळे फोटो एकाच स्क्रीनवर, एकाच ब्राइटनेसला बघा आणि शेवटी निवडीत उरलेल्या दहांच्या मूळ फाइल मागवा. आमच्याकडे कास पठारावरची फुलं आणि बावधनच्या यात्रेतलं बगाड यांचा पूर येतो. कासची सोनकी पिवळी असते. ती केशरी झाली आणि शेजारचं गवत पोपटी चमकायला लागलं, की रंग कुणी चढवले ते कळतं. किल्ल्यामागे मोठा चंद्र दिसला म्हणून लगेच बाद करू नका, लांबून मोठ्या लेन्सने तसा येतो. पण चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात चांदणी दिसली तर दोन फोटो जोडलेले आहेत. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो मी बादच करते. त्यासाठी पक्ष्याला किती त्रास दिलाय ते फोटोत दिसत नाही.

आता गुणांची गोम. एका वर्षी माझ्याबरोबरच्या सरांनी सगळ्यांना 38 ते 42 मध्ये बसवलं आणि मी 15 ते 45 दिले. बेरीज केली तर निकाल जवळपास माझाच लागला, सर नुसते सहीपुरते. आता आम्ही आपापले पहिले दहा क्रमाने लिहितो आणि चहा घेत भांडतो. प्रत्येकापुढे 'का' याच्या दोन ओळी हव्यातच, कारण निकालानंतर विचारणारे येतात.

निकालाआधीही येतात. 'मॅडम, एक आपल्यातलाच मुलगा आहे, क्रमांक सांगू का?' मी म्हणते, सांगा की, बाद करायला सोपं जाईल. अजून कुणी सांगितलेला नाही.