बाजार पडल्यावर फंड विकायचा की ठेवायचा? आधी तारीख लिहा

शेअर बाजार सलग चार-पाच दिवस पडला की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी कुणीतरी मोबाइल घेऊन येतंच. "अक्का, सगळं लाल झालंय. काढून टाकू का?" मी इथं हिशेब बघते, म्युच्युअल फंड विकत नाही. किती पडला, हे मी आधी विचारतच नाही. हे पैसे कधी लागणार, महिना आणि साल सांगा, एवढंच विचारते.

तुम्हीही वहीत प्रत्येक फंडापुढे काम आणि तारीख लिहा. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरच्या फंडात नकोच, मग बाजार चढलेला असो की पडलेला.

2025 च्या फेब्रुवारीत बाजार घसरला, तेव्हा शिलाई खात्यातल्या एक बाई आल्या. लेकीची इंजिनिअरिंगची फी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची आणि सगळी एसआयपी, म्हणजे महिन्याचा ठरलेला हप्ता, स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांच्या शेअरच्या) फंडात. मी म्हटलं, पहिल्या वर्षाच्या फीएवढे युनिट (फंडातले हिस्से) आजच काढा आणि बँकेत ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे थोडे थोडे करून काढा, चौथ्याचे राहू द्या. कमी भावात विकताना त्यांच्या जिवावर आलं. पण फीची तारीख बाजारासाठी थांबत नाही.

ज्यांचे पैसे दहा-बारा वर्षांनी लागणार, त्यांनी मात्र हात लावू नये. 23 मार्च 2020 ला निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक 7,610 वर आला आणि त्याच नोव्हेंबरात जानेवारीच्या उंचीपलीकडे गेला. पण तेवढ्यावरून "वर्षभरात भरून निघतं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. 2008 च्या जानेवारीत 21,000 पार केलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,200 च्या खाली होता. 2010 च्या दिवाळीत तो पुन्हा तिथं पोचला खरा, पण टिकला नाही. त्या पातळीवर बस्तान बसायला 2013 संपत आलं. एवढी वर्षं थांबता येईल का, हे स्वतःला विचारा.

आमच्या गावात एक गोष्ट जास्त जपावी लागते. परदेशातली मागणी आटली की टॉवेलच्या ऑर्डरी कमी होतात, पाळ्या तुटतात, पगार घटतो, आणि नेमका तेव्हाच बाजारही पडलेला असू शकतो. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आधी बँकेत हवा. नसेल आणि पाळी तुटली, तर एसआयपी बिनदिक्कत थांबवा. गरजेपुरते युनिट तोट्यात विकावे लागले तरी विका. खासगी सावकाराच्या व्याजापेक्षा तो तोटा परवडतो. पगार नीट चालू असेल तर मात्र एसआयपी बंद करू नका, त्याच हप्त्यात आता जास्त युनिट मिळतात.

मग फंडाकडे बघा. बाजारामुळे पडला की स्वतःच्या कारभारामुळे? स्मॉलकॅप फंडाची तुलना सेन्सेक्सशी नाही, निफ्टी स्मॉलकॅप 250 च्या टीआरआयशी (लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाशी) करा, तीन आणि पाच वर्षांची. सातत्याने मागे असेल तर पडत्या बाजारातही बदला. तेच पैसे त्याच प्रकारच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकाप्रमाणेच शेअर घेणाऱ्या फंडात टाकले, तर भाव दोन्हीकडे पडलेलाच असतो. तुम्ही बाजारातून बाहेर पडत नाही.

असा बदलही करासाठी विक्रीच धरतात. शेअरच्या फंडात वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के कर, त्यानंतरच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापुढे 12.5 टक्के. तोटा झाला तर रिटर्न मुदतीत भरा, म्हणजे तो आठ वर्षं पुढे नेऊन नफ्यातून वजा करता येतो. वर्षाच्या आत काढल्यास बऱ्याच फंडांत 1 टक्का एक्झिट लोड (बाहेर पडण्याचं शुल्क) कापतात, आणि ईएलएसएस या करबचतीच्या फंडात प्रत्येक हप्ता स्वतंत्रपणे तीन वर्षं अडकतो. विकायचं ठरलं की अर्ज दुपारी तीनच्या आत टाका, त्याच दिवसाचा एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, लागतो.