ग्रो टेंटमध्ये छोटी जलशेती कशी उभारावी

मातीशिवाय, केवळ पोषक द्रव्ये विरघळवलेल्या पाण्यावर पिके वाढवण्याच्या पद्धतीला जलशेती किंवा हायड्रोपोनिक्स म्हणतात. ती घराच्या एखाद्या कोपऱ्यात करायची असेल, तर ग्रो टेंट हे सर्वांत सोयीचे साधन आहे. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर उजेड आरपार न जाऊ देणारे जाड कापड आणि कापडाच्या आतल्या अंगाला चंदेरी परावर्तक अस्तर अशी त्याची रचना असते. मात्र टेंटमध्ये ऊन नाही, वारा नाही आणि चूक सावरून घेणारी मातीही नाही. झाडाला लागणारी प्रत्येक गोष्ट आपणच पुरवायची असते. नवे लोक बहुधा दिवा निवडण्यात सर्वाधिक वेळ आणि पैसा घालवतात. माझे स्पष्ट मत असे आहे की पीक साधते किंवा फसते ते टाकीतल्या पाण्यात, म्हणजे मुळांना किती प्राणवायू मिळतो आणि ते पाणी किती थंड राहते यावर. त्यामुळे खर्चाची आणि काळजीची विभागणी करताना मुळांचा विचार आधी करावा.

पहिल्या उभारणीसाठी ६० × ६० सेंटिमीटर तळाचा आणि सुमारे १४० सेंटिमीटर उंचीचा टेंट पुरेसा आहे. त्यात २० ते २५ लिटरची एक झाकणाची टाकी ठेवून लेट्यूस किंवा बेसिलची चार रोपे ऐसपैस वाढतात. टोमॅटो आणि मिरचीचा मोह पहिल्या वेळी टाळावा, कारण त्यांना जवळपास दुप्पट उजेड, अधिक उंची, दाट द्रावण आणि काही महिन्यांचा धीर लागतो. पालेभाजीचे पीक पाच-सहा आठवड्यांत हाती येते आणि तेवढ्या काळात पाण्याच्या सगळ्या सवयी कळून येतात.

जलशेतीच्या पद्धती अनेक आहेत. पातळ धारेच्या पद्धतीत उतरत्या पन्हळीतून द्रावणाची झिरपती धार मुळांखालून सतत वाहते. पंप बंद पडला तर मुळे थोड्याच तासांत सुकू लागतात. अमेरिकेच्या हवाई राज्यातील विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पंपच नसतो; पाणी जसजसे खाली जाते तसतसा मुळांचा वरचा भाग हवेत उघडा पडतो आणि तिथून प्राणवायू घेतो. या दोहोंच्या मध्ये खोल पाण्याची पद्धत बसते. त्यात रोपे झाकणातील जाळीदार कुंड्यांत असतात, मुळे टाकीत सोडलेली असतात आणि एअर पंप त्या पाण्यात अखंड बुडबुडे सोडतो. वीज काही तास गेली तरी टाकीतले भरपूर पाणी झाडांना तगवून धरते. नव्या माणसाने हीच पद्धत निवडावी.

जागा आणि टेंट

टेंट अशा खोलीत लावावा जिचे तापमान साधारणपणे १८ ते २६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. पंखा बाहेरचीच हवा आत ओढतो, त्यामुळे टेंट खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही; दिवा चालू असताना तो काही अंशांनी गरमच असतो. उकडणाऱ्या खोलीत महागडा टेंट लावून उपयोग नाही. जमीन सपाट असावी, कारण भरलेल्या २० लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन २० किलो होते आणि नंतर ती सरकवणे जिकिरीचे ठरते. टेंटसोबत मिळणारा तळाचा पाणी धरून ठेवणारा ट्रे न विसरता बसवावा.

सांगाडा जोडल्यावर प्रथम विजेची व्यवस्था लावावी. पाणी आणि वीज एवढ्या जवळ असताना यात कोणतीही सवलत घेऊ नये. प्लगची पट्टी जमिनीवर न ठेवता टाकीच्या पातळीपेक्षा उंच आणि शक्यतो टेंटबाहेर अडकवावी. प्रत्येक वायर प्लगमध्ये जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि प्लगपर्यंत पोहोचत नाही. त्या जोडणीवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे ईएलसीबी उपकरण असणे आवश्यक आहे. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

दिवा आणि हवा

पालेभाज्यांना पानांच्या पातळीवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला २०० ते २५० मायक्रोमोल (प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे एकक) एवढा उपयुक्त प्रकाश पुरतो. दिवा १६ तास चालू ठेवला, तर दिवसभरात सुमारे १२ ते १४ मोल प्रकाश मिळतो आणि लेट्यूस उत्तम वाढते. ६० × ६० सेंटिमीटरच्या टेंटमध्ये यासाठी चांगल्या प्रतीचा, प्रत्यक्षात ५० ते १०० वॅट वीज घेणारा पांढरा एलईडी दिवा भरपूर होतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘समतुल्य’ वॅटकडे लक्ष न देता प्रत्यक्ष वापरली जाणारी वीज पाहावी. दिवा कमी-जास्त उंचीवर अडकवता येईल अशा दोऱ्यांना टांगावा आणि सुरुवातीला रोपांपासून ४० ते ५० सेंटिमीटर वर ठेवावा. रोपे लांबुडकी होऊन वाकू लागली तर प्रकाश कमी पडतो आहे. पाने फिकट पडून कडा वर वळू लागल्या तर दिवा फार जवळ आला आहे. चालू-बंद करण्याचे काम टायमरवर सोपवावे. पालक आणि कोथिंबीर लावायची असेल तर १६ तासांचा दिवस टाळावा, कारण लांब दिवसात त्यांना लवकर फुलदांडा येतो. त्यांच्यासाठी १० ते १२ तास योग्य होत.

या टेंटचे घनफळ सुमारे अर्धा घनमीटर भरते. मिनिटाला एकदा आतली हवा बदलायची म्हटली तर ताशी ३० घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा हवा, आणि १०० मिलिमीटर व्यासाचा कोणताही नळीतला पंखा त्याहून बराच अधिक काम करतो, म्हणून वेग कमी करण्याची सोय असलेला घ्यावा. गरम हवा वर जात असल्याने तो माथ्याशी बसवावा आणि तळाजवळची जाळीची खिडकी उघडी ठेवावी. पंखा चालू असताना टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या तर हवेचा मार्ग बरोबर आहे असे समजावे. याखेरीज आतमध्ये पाने हलकेच डोलत राहतील असा एक लहान फिरता पंखा लावावा. त्याचे खरे महत्त्व पुढे येईल.

टाकी

टाकी आणि झाकण पूर्णपणे अपारदर्शक असावे. प्रकाश आणि पोषक पाणी एकत्र आले की शेवाळ येतेच, आणि ते झाडांचे अन्नही खाते व मेल्यावर पाण्यातला प्राणवायूही संपवते. टाकी गडद रंगाची असेल तर बाहेरून पांढरे कापड किंवा परावर्तक पट्टी गुंडाळावी, म्हणजे दिव्याच्या उष्णतेने पाणी तापत नाही. झाकणावर एकमेकांपासून सुमारे २० सेंटिमीटर अंतर ठेवून चार भोके पाडावीत आणि त्यांत ५ सेंटिमीटरच्या जाळीदार कुंड्या अशा बसवाव्यात की कड झाकणावर टेकून राहील.

एअर पंप निवडताना दर चार लिटर पाण्यामागे मिनिटाला निदान एक लिटर हवा असा हिशेब धरावा. २० लिटरच्या टाकीला मिनिटाला ५ लिटर हवेचा पंप योग्य. हवेच्या नळीच्या टोकाला एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड, लावून तो तळाशी मध्यभागी ठेवावा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप बसवावी. अन्यथा वीज जाताच पाणी नळीतून उलटे वाहून पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकते. दिव्याला टायमर असला तरी एअर पंपाला कधीही टायमर लावू नये. तो रात्रंदिवस चालला पाहिजे.

आता तापमानाविषयी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे पाणी गरम झाले की मुळांची श्वसनाची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा घटतो. अशा पाण्यात पिथियम ही मूळकुजीस कारणीभूत असलेली बुरशीसदृश सूक्ष्मजीवांची प्रजाती झपाट्याने फैलावते. पाणी १८ ते २२ अंशांच्या दरम्यान ठेवावे आणि २५ च्या वर जाऊ देऊ नये. दिवसाच्या उकाड्यात पाणी तापत असेल तर दिव्याचे १६ तास संध्याकाळी सुरू करून रात्रभर चालू द्यावेत. झाडाला घड्याळातली वेळ कळत नाही, आणि या एका बदलाने पुष्कळ काम होते. बंद बाटलीत गोठवलेले पाणी टाकीत सोडणे हा तात्पुरता उपाय चालतो. जमीन थंड असेल तर टाकी थेट जमिनीला टेकवून आणि तापलेली असेल तर खाली जाड थर घालून ठेवावी.

सर्व जोडणी झाली की रोपे न लावता साध्या पाण्यावर एक पूर्ण दिवस-रात्र यंत्रणा चालवून पाहावी. गळती, आवाज, दिव्याखालचे तापमान आणि पाण्याचे तापमान त्याच दिवशी कळते.

द्रावण

सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) मोजणारे आणि विद्युतवाहकता (जिच्यावरून पाण्यात किती खत विरघळले आहे ते कळते) मोजणारे अशी दोन उपकरणे घ्यावीत. पैशांची ओढाताण असेल तर दिवा थोडा साधा घ्या, पण ही दोन साधने वगळू नका. सामू मापक ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांत नियमित जुळवून घ्यावा आणि त्याचे टोक साध्या किंवा शुद्ध पाण्यात न ठेवता त्यासाठीच्या साठवण द्रावणात ओले ठेवावे.

पाण्यात क्लोरिन असेल तर ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्याने उडून जाते. पोषक खत बहुधा ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत येते. त्यामागे रासायनिक कारण आहे: एकीतील कॅल्शियम दुसरीतील सल्फेट आणि फॉस्फेट यांच्याशी दाट अवस्थेत भेटले की न विरघळणारा साका तयार होतो आणि ते अन्न मुळांना मिळत नाही. म्हणून टाकीत पाणी भरून आधी एक भाग टाकावा, पूर्ण ढवळावे, आणि मगच दुसरा टाकावा. लहान रोपांसाठी विद्युतवाहकता ०.८ च्या आसपास आणि वाढत्या लेट्यूससाठी १.२ ते १.६ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवावी. मापक विद्युतवाहकतेऐवजी पीपीएम (दहा लाख भागांमागे किती भाग) दाखवत असेल तर तो कोणती मोजपट्टी वापरतो ते पाहावे, कारण एकच द्रावण एका मोजपट्टीवर ५०० आणि दुसरीवर ७०० दिसते.

सामू सर्वांत शेवटी जुळवावा, कारण खत मिसळल्याने तो बदलतो. ५.५ ते ६.५ ही मर्यादा योग्य आहे. तो वर गेला की लोह मुळांना मिळेनासे होते आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. सामू कमी करणारे द्रव बहुधा आम्ल असते. हातमोजे घालून ते थेंबाथेंबाने पाण्यात टाकावे आणि प्रत्येक वेळी ढवळून पुन्हा मोजावे.

रोपे आणि नंतरची निगा

बी रॉकवूलच्या (वितळवलेल्या खडकापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या) किंवा धुतलेल्या कोकोपीटच्या ठोकळ्यात पेरावे. रॉकवूल मुळात अल्कधर्मी असल्याने पेरणीपूर्वी ५.५ सामूच्या पाण्यात भिजवावे. लेट्यूसचे बी गरम जागेत रुजत नाही, २० अंशांच्या आसपास मात्र दोन-तीन दिवसांत अंकुरते. दोन ते चार खरी पाने (अंकुराच्या पहिल्या दोन दलांनंतर येणारी) आली आणि ठोकळ्याखालून मूळ डोकावू लागले की रोप जाळीच्या कुंडीत ठेवून भोवती धुतलेले भाजक्या मातीचे गोळे भरावेत. सुरुवातीला पाणी कुंडीच्या तळाला जेमतेम लागेल एवढे असावे. मुळे खाली उतरली की पातळी तीन ते पाच सेंटिमीटर उतरू द्यावी आणि पुन्हा कुंडीच्या तळापर्यंत भरू नये, कारण त्या मोकळ्या जागेतली मुळे हवेतून प्राणवायू घेऊ लागलेली असतात.

रोज तापमान, सामू आणि विद्युतवाहकता पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. पातळी उतरली आणि विद्युतवाहकता वाढली, तर झाडे अन्नापेक्षा पाणी अधिक पीत आहेत. साधे पाणी घालावे. दोन्ही उतरले तर पातळ द्रावण घालावे. दहा ते चौदा दिवसांनी सगळे पाणी बदलावे.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या तर अनेकजण खत वाढवतात, आणि त्याने त्रास वाढतो. ही कॅल्शियमची कमतरता असते खरी, पण ती टाकीत नसून पानात असते. कॅल्शियम पाण्यासोबत वर चढते आणि पाणी चढते ते पानांतून बाष्प बाहेर पडते म्हणून. गड्ड्याच्या आत हवा हलली नाही की त्या पानांपर्यंत ते पोहोचतच नाही. फिरता पंखा गड्ड्यावर वळवावा, आर्द्रता ५० ते ७० टक्क्यांत ठेवावी आणि द्रावण थोडे पातळ करावे.

आठवड्यातून एकदा झाकण उचलून मुळे पाहावीत. पांढरी किंवा खताच्या रंगाने किंचित पिवळसर झालेली, घट्ट मुळे निरोगी असतात. तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वास येणारी मुळे म्हणजे कूज. असे रोप लगेच काढून टाकावे, टाकी रिकामी करून धुवावी आणि नवे द्रावण थंड ठेवून बुडबुडे वाढवावेत. कापणी करताना बाहेरची पाने खुडत राहिल्यास एकच झाड कित्येक आठवडे भाजी देते. पूर्ण झाड काढायचे असेल तर त्याआधी दोन आठवडे पुढची पेरणी करून ठेवावी आणि मधल्या वेळात टाकी, नळी, एअर स्टोन व कुंड्या पातळ ब्लीचच्या पाण्याने घासून, वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन कोरड्या कराव्यात.